चप्पल पायात घालताना माणूस खरं बोलतो

आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर माणसाला खरी भीती कशाची वाटते, असं तुम्ही विचारलंय आणि खाली ‘पुस्तकी उत्तर नको’ अशी टीपही टाकलीय. पुस्तकी उत्तर मला जमणारही नाही. मी विमा एजंट. कराडच्या आसपासच्या गावांत सव्वीस वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून फॉर्म भरतोय. आमच्या महामंडळाच्या बोधचिन्हाखाली गीतेतलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ आहे, पण तुम्ही भीती विकता असं लोक तोंडावर म्हणतात. म्हणोत. विकायची म्हणजे आधी ओळखावी तर लागते!

सुरुवातीच्या प्रशिक्षणात एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : “साहेब, उद्या तुम्हीच नसलात तर?” एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. मी इमानेइतबारे विचारायचो. समोरचा हसायचा. “नसलो तर सुटलो की!” हे उत्तर किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. मरणाला उघड घाबरलेली माणसं मी एकदाच पाहिली, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये. दहा वर्षं मला नुसत्या चहावर वाटेला लावणारे स्वतःहून फोन करत होते, “योजना बिजना राहू दे, हप्ता किती ते सांग.” त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढच्या वर्षीचा हप्ता भरला नाही. आठवण करायला गेलो तर परत तेच हसू.

खरी भीती निघते ती भलत्याच वेळी. फॉर्म भरून होतो, चहा संपतो, मी उंबऱ्याबाहेर चप्पल शोधत असतो, आणि घरातलं कुणीतरी मागून येतं. “एक विचारायचं होतं…” माझं सगळं शिक्षण त्या दारातल्या पाच मिनिटांत झालंय.

पंचविशी-तिशीतलं पोरगं घ्या. पुण्यात शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढून गावी परतलेलं. वडिलांनी बळंच माझ्यासमोर बसवलेलं. मला म्हणालं, “काका, वय तुम्हीच लिहा. तीस लिहिताना कसंतरी होतं.” एमपीएससीला खुल्या गटातून अडतिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं, म्हणजे आशा सुटत नाही आणि वय थांबत नाही. हा पोरगा तीन वर्षं गावच्या यात्रेला आलेला नव्हता. का, तर “सध्या काय चाललंय?” हे तीन शब्द ऐकायला नकोत म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. लोकांना गंमत वाटली. मला नाही वाटली. तसल्या पोरांचे फॉर्म मी भरतो. नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव लिहितात आणि हळूच विचारतात, “हे पुढं बदलता येतं ना?”

बदलता येतं. पण बदलत कुणी नाही, आणि लग्नानंतर तो रकाना कुणाला टोचतो ते मला खटाव तालुक्यातल्या एका घरात कळलं. नवरा पाण्याच्या मोटारीचं काही बिघडलं म्हणून रानात गेला होता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या. दोन्ही हातांना पीठ, त्यामुळे पदर कोपरानं सावरत होत्या.

“भाऊजी, ह्यांच्या कागदावर माझं नाव हाय का?”

पॉलिसी लग्नाच्या दोन वर्षं आधीची. नॉमिनी सासू. तेव्हा मी खोटं बोललो असतो तर चाललं असतं, पण बोललो नाही. त्यांनी मान हलवली, जणू ठाऊकच होतं. मग एकेक विचारत गेल्या. सातबारा? सासऱ्यांच्या नावानं. घर? तेही. बँकेतलं खातं? एकट्या नवऱ्याचं. “गॅसचं कनेक्शन तेवढं माझ्या नावावर हाय,” म्हणाल्या आणि हसल्या. सरकारच्या उज्ज्वला योजनेचं कनेक्शन बाईच्याच नावानं मिळतं, म्हणून तो एक कागद. कायद्यानं बायको वारस असतेच, हे मी सांगितलं. पण विम्याचा चेक पहिल्यांदा नॉमिनीच्या हातात जातो आणि तिथून पुढं दिवस कार्यात, वर्ष कोर्टात, हेही मी पाहिलेलं होतं. सासू वाईट नव्हती हो. ओट्यावर बसून नातवाला खेळवत होती. वहिनींची भीती सासूची नव्हतीच. नवरा वजा केला तर ह्या घरात आपण कोण, हा हिशोब त्या पीठ मळता मळता रोज करत होत्या.

नवरा आल्यावर मी विषय काढला. नाव बदलायचा अर्ज तो केवढा, सही करायला दोन मिनिटं लागली. वर म्हणाला, “अगं, मग सांगायचं की!” लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो कोरा अर्ज माझ्या बॅगेत कायम असतो, आणि नवरा समोर असतानाच मी मोठ्यानं विचारतो, “नॉमिनी कोण ठेवलाय?” आतल्या खोलीतली भांडी वाजायची थांबतात.

चाळिशीतल्या पुरुषाचं सांगतो. तासगावकडचा द्राक्षवाला. ऑक्टोबरची छाटणी झाली आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस आला, त्या वर्षाची गोष्ट. अंगावर कर्ज, आणि ह्याला विमा वाढवून हवा. दारात म्हणाला, “मी गेल्यावर ह्ये पैसं देणेकरी उचलत्याल का?” पोटात गोळा आला माझ्या. असं विचारणारा माणूस कधीकधी भलताच हिशोब मांडून बसलेला असतो. चप्पल परत काढली आणि आत जाऊन बसलो. १८७४ चा एक कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. आम्ही त्याला ‘एमडब्ल्यूपी’ म्हणतो. पॉलिसी घेतानाच ती बायको-मुलांसाठी म्हणून त्याखाली केली, तर ते पैसे देणेकऱ्यांच्या हाताबाहेर राहतात. खुद्द नवऱ्यालाही मग त्यावर कर्ज काढता येत नाही. हे सगळं समजावलं, पण फॉर्म बॅगेतून काढला नाही. सरळच विचारलं, “दादा, मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?”

बराच वेळ तो बोटांची नखं बघत राहिला. मग म्हणाला, “तसलं न्हाई वो. पोराच्या शाळंत जाऊन कुणीतरी म्हणंल, तुझ्या बापानं पैसं बुडीवलं. तेवढं नगं.”

तरीही जाता जाता त्याच्या भावाला बाजूला घेतलं आणि ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं. फॉर्म पुढच्या हंगामात भरला. बाग टिकली, माणूसही आहे.

त्याचं पोरगं मात्र सगळं ऐकत होतं. सात-आठ वर्षांचं असेल. माझ्या गाडीपाशी आलं आणि सीटवरची धूळ बोटानं पुसत म्हणालं, “विमावालं काका, पप्पा मरणार हायती का?” मी म्हटलं, छे रे, छत्री घेतली म्हणजे काय पाऊस पडतोच का? उदाहरण मलाच फार आवडलं होतं. पोरगं म्हणालं, “मग रातचं मम्मी-पप्पा बारीक आवाजात का बोलत्यात?” लहान मुलांच्या भीतीबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. भुताखेताचं माहीत नाही. मोठ्यांनी आवाज उतरवला की त्यांची झोप उडते.

पन्नाशी ओलांडलेल्यांबद्दल थोडकंच सांगतो, कारण ते बोलतच नाहीत. राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस अठ्ठावन्नला निवृत्त होतो आणि सहा महिन्यांत मला स्वतःहून फोन करतो. काम काही नसतं. फोन लागतो का, एवढंच बघायचं असतं.

म्हातारपणाची भीती मात्र मोठ्यानं सांगितली जाते, देवापुढे. “चालता-बोलता ने रे बाबा.” अंथरुणाला खिळायचं नाही, कुणाला आपलं करायला लागू नये. हे सगळेच म्हणतात. त्याच्याही खाली काय असतं, ते एका आज्जींनी दाखवलं. शिक्षकाची पत्नी, कुटुंब निवृत्तिवेतनावर. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठा लावून ऑनलाइन देता येतो, तेव्हा मी पॉलिसीवाल्यांच्या घरी यंत्र घेऊन जायचो. धंद्याच्या दृष्टीनं बरं असतं ते. आज्जींचा अंगठा काही उठेना. साठ वर्षं भाकरी थापून आणि राखेनं भांडी घासून रेषा राहतील कुठं? धुतला, पुसला, डावा लावला. यंत्र आपलं ‘जुळत नाही’.

“म्हंजी मी मेली व्हय?” आज्जी म्हणाल्या. घर हसलं. त्याही हसल्या. मी चप्पल घालताना मात्र भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. “पेन्शन थांबंल का रं?” मग आवाज आणखी खाली आणून, “पेन्शन हाय तवर ताट येळंवर येतं.”

मुलगा-सून नीट वागवणारी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या ताटाची परीक्षा घ्यायची वेळच येऊ नये, एवढंच आज्जींचं म्हणणं होतं. याच भीतीपोटी कितीतरी म्हातारे बक्षीसपत्रावर सही करायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात आणि पोरं त्यांना हट्टी म्हणतात. मी म्हणतो, करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्याच कागदात लिहून घ्या. ती अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

पुढं मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय आली. त्यात डोळे मिचकवावे लागतात. आज्जींनी आधी दोन्ही घट्ट मिटून घेतले, मग नातीनं शिकवल्यावर जमलं. मेसेज आला तर मला म्हणाल्या, “वाचून दाखव. जित्ती हाय म्हणून लिवलंय का?” वाचला. परत वाचायला लावला.

माझं वय आता अठ्ठावन्न. या धंद्यात अवेळी फोन वाजला की समजायचं, कुणीतरी गेलं, क्लेमचा फॉर्म लागणार. सव्वीस वर्षांत त्याची सवय झाली. पण मुलगा बंगळुरूला गेल्यापासून ती सवय मोडलीय. तो रविवारी सकाळी फोन करतो, न चुकता. परवा बुधवारी रात्री साडेदहाला स्क्रीनवर त्याचं नाव आलं. उचलेपर्यंत माझे हात गार पडले होते.

“बाबा, तूरडाळीला शिट्ट्या किती करायच्या?”

तीन म्हणून सांगितलं. हिनं आतून ओरडून चार सांगितल्या.