'छोटा स्ट्रोक', आणि डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेली तारीख

इंदूरच्या रामबागेतून ज्यांनी विचारलंय (आईचा उजवा हात-पाय लुळा पडला, सीटी नॉर्मल, एमआरआयमध्ये 9 मिमीचा लॅक्युनर इन्फार्क्ट म्हणजे बारीक धमनी बुजून मेंदूत खोलवर झालेली छोटी इजा, 'हे कितपत कॉमन, पुढे काय?') त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

कॉमन? भरपूर. रक्त अडून होणाऱ्या स्ट्रोकपैकी 20 ते 25 टक्के असेच. बीपी-शुगरने मेंदूतल्या खोलवरच्या बारीक धमन्या जाड होतात आणि बुजतात. पहिल्या दिवशी सीटीत हे बरेचदा दिसत नाही.

आता मुद्द्याचं. कार्डावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गाठ होऊ न देणारी औषधं) दोन्ही आहेत का बघा. पुष्कळदा एकाच कॅप्सूलमध्ये असतात, म्हणून गोळ्यांच्या स्ट्रिपमागचं बारीक अक्षर वाचा. सौम्य स्ट्रोकनंतर ही जोडी सहसा 21 दिवस, मग एकच. आमच्या घरच्या पेशंटच्या कार्डावर नुसतं 'कंटिन्यू'. त्या हॉस्पिटलात तीनदा विचारलं, उत्तर एकच: 'पुढच्या व्हिजिटला बघू.' केमिस्टला काय, जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. शेवटी शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणजे पोटात रक्तस्राव, तेव्हा कळलं. 3020 लॅक्युनर रुग्णांवरच्या एसपीएस3 चाचणीत (2012) जोडी वर्षानुवर्षं चालू ठेवून स्ट्रोक कमी झाले नाहीत. रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. पण म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हिशेब वेगळा. न्यूरोलॉजिस्टकडून 'कुठली, कोणत्या तारखेपर्यंत' हे कार्डावर लिहूनच घ्या. ते कंटाळले तर कंटाळू देत.

पुढचं म्हणाल तर हात-पाय मोठ्या स्ट्रोकपेक्षा बरे सुधारतात. त्याच चाचणीत दुसरा स्ट्रोक वर्षाला शंभरात दोन-तीन जणांना. खरा त्रास हळू येतो: पाय घासत लहान पावलं, लघवीची घाई, पैशांचा हिशेब चुकणं, कशातच रस नसणं. याला घरचे 'वय झालं' म्हणतात. म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

बीपी वरचं 130च्या खाली, हे बहुतेकांचं लक्ष्य. सुरुवातीच्या दिवसांत मात्र घाईने उतरवत नाहीत. घरी मोजताना लघवी करून, चहानंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवा. दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. सात दिवसांचे आकडे वहीत. 120 दिसलं की 'आता बरं आहे' म्हणून गोळी बंद करतात. अहो, ते 120 गोळीचंच आहे. पोह्यांवरची शेवही जरा आवरा. इंदुरात कठीण आहे, माहीत आहे.

आणि पुन्हा तोंड वाकडं, बोलणं जड झालं तर 'मागच्यासारखं उतरेल' म्हणत बसू नका. रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासच मिळतात, तेही शेवटचं ठीक दिसल्यापासून मोजून.