रत्नागिरीचा दमट जून आणि पडद्यावरचे ठिपके

प्रश्न : गेल्या डिसेंबरात पुण्याच्या एका हॅमकडून, म्हणजे हौशी रेडिओवाल्याकडून, वापरलेला केनवूड टीएस-४४०एस हा रेडिओ संच घेतला. त्यांच्या घरी लावून बघितला तेव्हा अगदी ठणठणीत होता. जून लागला आणि सकाळी चालू केला की पडद्यावर आकड्यांऐवजी नुसते ठिपके दिसू लागले. आवाज नाही, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला तरी ट्रान्समिट होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू होतो. एका मित्राने मेमरीचा सेल बदलायला सांगितलं आहे. विकणाऱ्याने मला फसवलं का?
– व्हीयू३ परवानाधारक, रत्नागिरी

उत्तर : फसवलं असं मला वाटत नाही. पुण्याच्या कोरड्या थंडीत हा संच खरोखरच चालत असणार. सेलवर पैसे घालू नका. तो संपला तर साठवलेल्या फ्रिक्वेन्सी पुसल्या जातात, ठिपके त्याने येत नाहीत.

ठिपके म्हणजे पीएलएल, फ्रिक्वेन्सी नेमक्या जागी धरून ठेवणारं सर्किट, लॉक होत नाही. फ्रिक्वेन्सी जागेवर बसली नाही, तर चुकीच्या जागी ट्रान्समिट होऊ नये म्हणून संच स्वतःच आवाज आणि ट्रान्समिट दोन्ही बंद करतो. १९८०च्या दशकातल्या या मॉडेलचं हे जुनं दुखणं आहे. व्हीसीओच्या (व्होल्टेजप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) कॉईल आणि आजूबाजूचे पार्ट हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्यावर डिंकासारखा गोंद ओतलेला असतो. वर्षं गेली की तो तपकिरी होतो, हवेतला ओलावा धरतो आणि त्यातून थोडी थोडी वीज झिरपायला लागते. व्हीसीओला तेवढी गळतीही पुरते. संच तापला की गोंद सुकतो, म्हणून तुमचा अर्धा तास.

पण संच उघडायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. पॉवर सप्लायचा व्होल्टेज संचाच्या मागच्या प्लगपाशी मोजा, १३.८च्या आसपास हवा. मग झाकण काढून, ठिपके दिसत असतानाच, बोर्डांमधले कनेक्टर लाकडी काडीने हळूच दाबून बघा. काडीच्या धक्क्याने आकडे येत-जात असतील तर दोष सोल्डरचा किंवा कनेक्टरचा. काडीने फरक पडत नाही, पण व्हीसीओच्या भागावर हेअर ड्रायरची मंद हवा धरली की आकडे येतात, असं झालं तर गोंदच.

ही दुसरी चाचणी चुकवू नका. एका स्नेह्याचा असाच संच माझ्याकडे आला होता. मी दोन संध्याकाळी बसून सगळ्या कनेक्टरच्या पिना पुन्हा सोल्डर केल्या. संच सुरू झाला, मी खुशीत परत दिला. सोल्डरिंगच्या उष्णतेने गोंद तेवढ्यापुरता सुकला होता, हे पुढच्या पावसाळी आठवड्यात तो परत आला तेव्हा कळलं. मग गोंद काढला. त्यानंतर ठिपके दिसलेले नाहीत.

गोंद काढायला घाई नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा, लाकडी टूथपिकने थोडा थोडा सोडवा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, कॉईलची तार केसासारखी असते आणि ती तुटली की पुढचे महिने तसल्या कॉईलच्या शोधात जातात. कॉईलचे गाभे फिरवू नका. गोंदाखाली पार्टांचे पाय हिरवे-काळे पडले असतील तर ते पार्ट बदला. नंतर सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे व्हीसीओचा व्होल्टेज तपासा. नवा गोंद तर लावूच नका. ट्रान्समिटची पहिली चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाच्या जागी जोडायचा रोध), कमी पॉवरवर.

तोवर, आणि नंतरही, संच बंद कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवा. कोकणात कॅमेरे असेच जपत आलेत.

संच ठेवायचा की परत करायचा, हे विचारलं नाहीत, तरी सांगते : ठेवा. याचे पार्ट सुटे, डोळ्यांना दिसणारे, हाताने सोल्डर करता येण्याजोगे आहेत. शिकायला याहून चांगला संच तुम्हाला एवढ्यात मिळणार नाही.

प्रश्न : जुना व्हीएचएफ हँडसेट घेतला. रिपीटर (आपला आवाज पुढे पाठवणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण मी बोललेलं कुणालाच जात नाही. – लातूर

उत्तर : दोष ट्रान्समीटरचाच असेल असं नाही. आधी मेनूत सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजासोबत जाणारा बारीक सूर) आणि शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) बघा. मागच्या मालकाने रीसेट करून दिला असेल तर दोन्ही गेलेले असतात. तुमच्या रिपीटरचा टोन तिथल्या कुणाही हॅमला विचारा. तरीही गेलं नाही, तर शेजारी दुसरा संच रिपीटरच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर ठेवून स्वतःचा आवाज ऐका. तिथे वाहक लहर येते पण आवाज नाही, तर माईक. काहीच येत नाही, तर बॅटरीचा व्होल्टेज पीटीटी दाबून मोजा. जुनी बॅटरी ऐकताना पुरते, ट्रान्समिटच्या वेळी मान टाकते.