'हिरो', वीर आणि वीरगळातला गळ

प्रश्न असा आहे : 'गल्लीत अपघात झाला की सगळ्यांत आधी धावणारा, खिशातून रिक्षाचे पैसे देऊन जखमीला दवाखान्यात पोचवणारा, असल्या खऱ्या हिरोला मराठीत काय म्हणायचं? "नायक" चालेल?'

नाही चालणार. नायक गोष्टीला असतो, गल्लीला नसतो. 'हिरो' तर मराठीत निम्मा टोमणाच. 'हिरोगिरी बंद कर' हे काही कौतुक नव्हे. 2020 साली ज्याला त्याला 'योद्धा' करून झालं. आणि आता इंग्रजी 'अनसंग हिरो'चं 'न गायले गेलेले नायक' वाचावं लागतं. गायला ती काय लावणी आहे?

सरळ 'वीर' म्हणा. वीराला तलवार आणि सिंहासन लागतंच असं वाटत असेल, तर जुन्या देवळाच्या आवारातला वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, नीट बघा. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि पुष्कळदा शेजारी गाईंची रांग. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांना आडवा गेला आणि मेला. मधे अप्सरा त्याला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर गलबतांची लढाई आहे, पण ते राजेलोकांचं काम.

खरी मजा 'गळ'मध्ये आहे. हा मासे धरायचा गळ नव्हे, की गळाही नव्हे. कन्नडात कल्लु म्हणजे दगड. समासात दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीच्या 'क'चा तिथे 'ग' होतो : मळे म्हणजे पाऊस, पावसाळा म्हणजे मळेगाल. तसाच वीरगल्लु, तसाच सतीच्या दगडाचा मास्तिगल्लु. वारंगळचं जुनं नाव ओरुगल्लु, एकच दगड. संस्कृतात त्याचीच एकशिलानगरी झाली. म्हणजे वारंगळातला गळ आणि वीरगळातला गळ सख्खे भाऊ! तरी संस्कृतातल्या 'गल'शी, म्हणजे गळ्याशी, त्याची सोयरीक जुळवणारे पंडित आहेतच. प्रत्येक मराठी शब्दाची मुंज संस्कृतातच लावायची हौस, दुसरं काय. आणि 'वीरगळ शिळा' लिहिणाऱ्यांनी 'दगड दगड' लिहिलंय, हे कृपा करून ध्यानात घ्यावं.

आता माझा लाडका मुद्दा. कन्नडात 'वीर'चा तद्भव 'बीर'. धनगरांचा बिरोबा हा तोच बीर, असं माझं ठाम मत आहे. त्याला वीरभद्राचा अवतार ठरवणारे घोड्यापुढे गाडी जोडतात. गुरंमेंढरं राखताना मेलेला कुणी बीर आधी देव झाला असणार, पुराणातलं भारदस्त नाव त्याला मागाहून चिकटलं. शेंदूर फासलेले कितीतरी वीरगळ आजही गावदेव म्हणून पुजले जातातच की. नाशकात धुळवडीला देव्हाऱ्यातले वीरांचे टाक, म्हणजे धातूच्या छोट्या प्रतिमा, बाहेर काढून नाचवतात, तेव्हा तिथे कुठे वीरभद्र आठवतो कुणाला?