दिले ते त्यांनी दाखवायचे, फेडले ते तुम्ही

वसुलीच्या फोनांबद्दल गेल्या महिन्यात इतकी पत्रे आली, की आजचे सगळे सदर त्यांनाच देतोय. नावे मुद्दाम गाळली आहेत. बँकेच्या टेबलामागे आयुष्य काढल्यावर एवढे कळते, की 'अमक्याची बाकी आहे' ही बातमी गावात फिरायला दुपारसुद्धा लागत नाही.

प्रश्न : २०१८ साली मोटरसायकलसाठी फायनान्स काढला होता. २०२० मध्ये चोविसावा, म्हणजे शेवटचा हप्ता भरला, पण एनओसी (कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला) आणायची राहिली. आता बंगळूरहून एक एजन्सी फोन करते, 'तुमचं खातं आम्ही विकत घेतलंय, अडतीस हजार बाकी आहे.' पुरावा विचारला तर 'सिस्टिममध्ये दिसतंय' म्हणतात. (शिंपी, खानापूर)

उत्तर : सिस्टिम त्यांची, आकडा त्यांचा, आणि पैसे तुमचे! असे चालत नाही. कोर्टात गेले तर तुम्हाला कर्ज दिले हे मागणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ नुसार नुसत्या हिशोबाच्या वहीतल्या नोंदीवरून कुणावर देणे लादता येत नाही. जुन्या कायद्यातही हेच होते. पण लोक इथे एक चूक करतात. तुमचा वाद 'कर्ज घेतलेच नाही' असा नाही, 'फेडले' असा आहे. आणि फेडले हे दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणून आधी ज्या बँकेतून वा सोसायटीतून हप्ता जात होता, तिथला २०१८ ते २०२० चा उतारा काढा आणि चोवीस ओळींवर पेन्सिलीने खुणा करा.

मग एजन्सीला लेखी कळवा. मजकूर एवढाच पुरे : "हे देणे मला मान्य नाही. मूळ कराराची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा खाते उतारा, मुद्दल, व्याज व दंड यांची वेगवेगळी फोड, आणि खाते तुमच्याकडे वर्ग झाल्याचा लेखी दस्त पाठवा. तोवर फोन करू नये." 'मला मान्य नाही' हे वाक्य विसरू नका. 'थोडी सवलत द्या' असे तर चुकूनही लिहू नका. ती कबुली होते. पत्राची प्रत मूळ कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा आणि पोस्टाची पोच जपून ठेवा.

खाते वर्ग झाल्याचा दस्त का मागायचा? कारण येणे दुसऱ्याला विकायचे तर लेखीच विकावे लागते. आणि विकल्याचे तुम्हाला कळण्याआधी जुन्या कंपनीकडे जे भरले, ते भरलेलेच धरले जाते.

माझा अंदाज सांगू? उतारा आला की शेवटच्या पानावर एखाद्या परत गेलेल्या हप्त्याचे चारपाचशे रुपये दिसतील, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षे चढलेला डोलारा. अशी खाती मी ढिगाने पाहिली आहेत. तसे निघाले तर त्या चारपाचशेवर बोला, अडतीस हजारांवर नाही.

कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. तुमचा क्रेडिट रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात हे कर्ज चालू दिसत असेल तर दुरुस्ती मागा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळते. आणि या सगळ्यात एनओसी व फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घ्यायचे राहू नये, कारण आरसीवरचा बोजा अजून तसाच असणार.

प्रश्न : संघातून चाळीस हजार घेतले. कार्डावर चौदा हप्ते आहेत, साहेब म्हणतात नऊच जमा. रात्री आठ-साडेआठला घरी येतात, बाकीच्या बायकांनाही बसवून ठेवतात. कार्ड कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही. (विडी कामगार, निपाणी)

उत्तर : ताई, ते कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका. 'अपडेट करून आणतो' म्हणून नेलेली कार्डे परत येत नाहीत. आजच दोन्ही बाजूंचे फोटो मुलाच्या मोबाईलवर काढून ठेवा. चौदा सह्यांपुढे त्यांची नऊची गोष्ट टिकायची नाही. पाच हप्ते कुठे गेले ते साहेबांनी आपल्या ऑफिसला सांगावे.

संघातून मिळणाऱ्या अशा छोट्या कर्जांसाठी, म्हणजे मायक्रोफायनान्ससाठी, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे, म्हणजे तुम्ही मराठीत मागू शकता. वसुली ठरलेल्या जागीच. सलग दोनदा तुम्ही तिथे आला नाहीत तरच घरी. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर कर्नाटकाने २०२५ मध्ये जाचक वसुलीविरुद्ध केलेला कायदा लागू होतो. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक नमुना पत्र फिरते. ते पाठवल्यावर तीस दिवसांत पुरावा आला नाही तर कर्ज माफ होते, हे खरे का? (बेळगाव)

उत्तर : नाही. ते अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यावरून उचलले आहे. तिथेसुद्धा तीस दिवस असतात ते कर्जदाराला लेखी हरकत घ्यायला. पुरावा देईपर्यंत वसुली थांबते, कर्ज पुसले जात नाही. बेळगावच्या कर्जाला तिकडचे कलम लावून काय होणार?

प्रश्न : जून २०१९ मध्ये विहिरीच्या मोटारीसाठी ओळखीच्या माणसाकडून साठ हजार घेतले, प्रॉमिसरी नोट (पैसे देण्याची सही केलेली वचनचिठ्ठी) दिली. पंचेचाळीस हातोहात परत केले, पावती नाही. आता तो साठच मागतोय आणि 'नुसती हिशोबाला सही कर' म्हणतोय. (शेतकरी, येळ्ळूर)

उत्तर : सही करू नका. मागता क्षणी द्यायच्या नोटेला दाव्याची मुदत तीन वर्षे. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला, म्हणून तुमची मुदत २०२२ ऐवजी २०२४ च्या जूनच्या आसपास संपली. मधल्या काळात तुम्ही लेखी कबुली दिली असेल, किंवा नोटेच्या पाठीवर काही भरल्याचे लिहून सही केली असेल, तर तीन वर्षे तिथून पुन्हा मोजायची. नोटेची मागची बाजू बघितल्याशिवाय निवांत होऊ नका. तो माणूस 'हिशोबाची' सही का मागतो ते आता कळले? मुदत गेलेले देणेसुद्धा 'मी देईन' असे लिहून सही केली की कराराच्या कायद्याने पुन्हा जिवंत होते.

बुडवा असे मी म्हणत नाही. उरलेले पंधरा खरेच देणे असतील तर बँकेतून द्या, आणि मूळ नोट हातात घेऊनच द्या. त्याच्याकडे तुमचा सही केलेला कोरा चेक आहे का? असेल तर सावध राहा. तिथे कायदा आधी त्याच्या बाजूने धरून चालतो. चेक परत जाऊन नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलेच पाहिजे.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या पर्सनल लोनसाठी मला फोन येतात. मी जामीनदार नाही. (तरुण, खानापूर)

उत्तर : वडिलांकडून जे तुमच्याकडे आले असेल तेवढ्यापुरतेच देणे, तुमच्या पगाराला हात लावता येत नाही. पण त्याआधी मंजुरीपत्र काढून बघा. त्यात विम्याचा हप्ता कापलेला असतो बऱ्याचदा, आणि तो क्लेम करायला कुणी फोन करत नाही.