मानसोपचार वॉर्डाचं नूतनीकरण करताना भिंतींना कोणता रंग द्यावा?

20 खाटांचा जुना वॉर्ड नव्यानं करताय आणि पहिला प्रश्न रंगाचा? रंग शेवटच्या आठवड्यातही ठरतो. आधी बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा.

आत उघडत असेल तर चौकटीसकट बदला. एका वॉर्डात रुग्ण भोवळ येऊन दाराआड पडला. अंगाचा सगळा भार दारावर, बाहेरून दोन सिस्टर आणि वॉर्डबॉय ढकलतायत, दार जागचं हलेना. शेवटी सुतार बोलावून फळी कापली. इंजिनिअरसाहेबांनी दार आत का ठेवलं? तर म्हणे, बाहेर उघडलं की पॅसेज अडतो. पॅसेज चांगला आठ फुटी!

तर दार बाहेर उघडणारं हवं. आणि इथून पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: रुग्णानं जीवाचं बरंवाईट करू नये म्हणून काही बांधता-अडकवता येईल अशी जागा उरता कामा नये. तीन सुट्या बिजागऱ्यांऐवजी वरपासून खालपर्यंत एकच पियानो हिंज, तिचं वरचं टोक तिरकं. दार आपोआप लावणारा वरचा दांडा, म्हणजे डोअर क्लोजर, नको. कडी आतून लागणारी, पण बाहेरून स्टाफच्या किल्लीनं उघडणारी. "त्यापेक्षा दारंच काढून टाका" म्हणणारे अधीक्षक भेटतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 20 त्यांच्यापुढे ठेवा, त्यात खाजगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलाय.

आत जेट स्प्रेची नळी, हँड शॉवर, टॉवेल रॉड आणि कडीची बादली यातलं काहीही नको. पाइप सगळे भिंतीआड, नळ दाबायचा, आरसा पॉलिश केलेल्या स्टीलचा. सांध्यांत साधं सिलिकॉन भरलं की नखांनी उकरलं जातं आणि मागे फट तयार होते. तिथे कडक इपॉक्सी भरा. साधे स्क्रू चमच्यानंही फिरतात, म्हणून टॉर्क्स स्क्रू लावा, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, मधे पिन असलेले.

आता पंख्याचा पिंजरा. "पिंजरा लावला की झालं सुरक्षित" हे मला कधीच पटलेलं नाही. पिंजऱ्याच्या सळ्या म्हणजे काही अडकवायला आणखी एक जागा. झोपायच्या खोलीत हवा डक्टमधून आणा, तोंडाला बारीक भोकांचा पत्रा, कडा भिंतीत बसवलेल्या. नागपूरच्या मे महिन्यात कसं भागणार म्हणाल, तर कूलर बाहेर ठेवून त्याचा डक्ट आत घ्या. उचलता येणाऱ्या टाइल्सचं फॉल्स सीलिंग मात्र करू नका, वर वस्तू लपवल्या जातात. खिडकीचे गज काढून लॅमिनेटेड काच, झडप 100 मिमीपेक्षा जास्त न उघडणारी.

एकांतात कोंडायची जुनी खोली असेल तर ती नव्या नकाशात ठेवू नका. त्याच कायद्याच्या कलम 97 नुसार तसं कोंडायला मनाई आहे. तिथे बसायची जागा करा. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या ओस्त्रा रुग्णालयानं स्वतंत्र खोल्या, बाग आणि कमी गोंगाट अशी मानसोपचार इमारत बांधली. जुन्या इमारतीच्या तुलनेत रुग्णांना बांधून ठेवण्याचं प्रमाण घटलं.

रंग: मॅट, धुता येणारा, जमिनीहून वेगळ्या छटेचा. फरशी चकचकीत किंवा नक्षीची नको, गोंधळलेल्या माणसाला तिथे खड्डा किंवा पाणी दिसतं. दगडी इमारत चुन्यात बांधलेली असेल तर गिलावाही चुन्याचाच. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि कुठलाही रंग वर्षभरात पोपडे धरतो.

हो, दिवसभर स्टाफची नजर असलेल्या हॉलमध्ये इतकी काटेकोर तयारी लागत नाही, पैसे खोल्या आणि बाथरूमवर घाला. चुंबकी कुलपं बसवलीत तर फायर अलार्म वाजताच ती सुटली पाहिजेत. आणि वॉर्ड चालू ठेवून काम करणार असाल तर ठेकेदाराची हत्यारं, ब्लेड, उरलेले स्क्रू रोज सकाळी मोजून आत, संध्याकाळी मोजून बाहेर, वहीत सिस्टरची सही घेऊन.