आईच्या खात्यावर पैसे पाठवताना कोणता कोड?

तू विचारलंस की पुढच्या महिन्यात दुबईला आल्यावर गुहागरच्या शाखेत आईच्या खात्यावर पैसे पाठवायला पासबुकावरचा आयएफएससी पुरेल का, की स्विफ्ट कोड वेगळा लागतो. वेगळा लागतो, आणि निघण्याआधीच तो हातात ठेव.

आयएफएससी भारतातल्या भारतात, एनईएफटी-आरटीजीएसने बँकेतून बँकेत पैसे पाठवायला. परदेशी बँकेला आपली बँक ओळखायला स्विफ्ट लागतो, त्यालाच बीआयसीही म्हणतात. घोळ होतो तो असा: आयएफएससी 11 अक्षरांचा, स्विफ्ट 8 किंवा 11 अक्षरांचा. दोन्हींची पहिली चार अक्षरं बँकेची, पुष्कळदा तीच. म्हणून पाचवं अक्षर बघ. तिथे शून्य असेल तर आयएफएससी. स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं मिळून देशाचं, म्हणजे आपलं ‘आयएन’. स्टेट बँकेचा स्विफ्ट ‘एसबीआयएन-आयएन-बीबी’ असा सुरू होतो, आयएफएससी ‘एसबीआयएन’नंतर शून्य घेऊन.

मी पहिल्या वर्षी स्विफ्टच्या रकान्यात आयएफएससीच लिहिला होता. पैसे शेतातल्या लावणीच्या गड्यांच्या मजुरीसाठी होते. परत आले ते मधल्या बँकेचा खर्च कापून, आणि तोवर आईने शेजारच्या काकूंकडून उसने घेऊन गड्यांचे पैसे चुकते केले होते. ती रुखरुख अजून जात नाही, म्हणून इतकं सांगतोय.

आपल्याकडच्या पुष्कळ शाखांना स्वतःचा स्विफ्ट नसतो. तेव्हा बँकेच्या परकीय चलनाचं काम बघणाऱ्या मोठ्या शाखेचा किंवा मुख्यालयाचा कोड देतात, आणि खाते क्रमांक व शाखेचं नाव आईचंच. नेटवर शोधून टाकू नकोस, मॅनेजरसाहेबांकडून कागदावर लिहून घे. खातं देना किंवा सिंडिकेट बँकेतलं जुनं असेल तर विशेष जप, विलीनीकरणानंतर कोड बदललेत. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, विचारला तर गोंधळू नकोस, तो भारतात नाही. तुझ्या दुबईतल्या खात्याला मात्र ‘एई’ने सुरू होणारा 23 अक्षरांचा असेल.

बँकेऐवजी एक्स्चेंज हाऊसमधून, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या आणि पैसे पाठवणाऱ्या कंपनीतून पाठवलेस तर बहुतेक वेळा खाते क्रमांक आणि आयएफएससीवर भागतं. घरखर्चाला तेच बरं.

आईचं नाव पासबुकात जसं आहे तसंच लिही, माहेरचं असेल तर माहेरचं. आणि पहिल्यांदा शंभर-दोनशे दिरहमच पाठव. आईने पासबुक भरून आणलं आणि नोंद दिसली, की मग पगार.