असिंक लोडर वापरताना कधीकधीच येणारी 'नॉट डिफाइन्ड' एरर

समजा, आलेख काढणारी लायब्ररी (तयार कोडचा संग्रह), तिच्यावर अवलंबून असलेले प्लगिन (तिला जोडायचा जास्तीचा कोड) आणि आपला स्वतःचा कोड अशा तीन फाइली आपण एका छोट्या असिंक लोडरला, म्हणजे पेज न थांबवता स्क्रिप्ट फाइली मागवणाऱ्या कोडला, दिल्या आहेत. पेज बहुतेक वेळा नीट चालते, पण मध्येच 'नॉट डिफाइन्ड' (वापरलेले नाव अजून अस्तित्वातच नाही) अशी एरर येते. याचे कारण असे की जावास्क्रिप्टने तयार करून पेजमध्ये घातलेला स्क्रिप्ट टॅग मुळातच असिंक असतो, म्हणजे जी फाइल आधी पोहोचेल ती आधी चालते. प्लगिन आकाराने लहान असल्यामुळे ते कधीकधी मुख्य लायब्ररीच्या आधी येते, आणि मुख्य फाइल कॅशमध्ये (ब्राउझरने आधी जपून ठेवलेल्या प्रतींत) असली की हा दोष दिसतच नाही.

यावरचा सरळ उपाय म्हणजे टॅग तयार करताना त्याची असिंक प्रॉपर्टी फॉल्स करणे. तसे केल्यावर फाइली एकाच वेळी डाउनलोड होतात, परंतु टॅग ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने चालतात. बहुतेक लोडरांमध्ये यासाठी पर्याय असतो. आपल्या लोडरचा कोड काही ओळींचाच असेल, तेव्हा तो एकदा वाचून खात्री करून घ्यावी. मात्र क्रम राखला म्हणजे अवलंबित्व सांभाळले गेले असे नाही, कारण पहिली फाइल मिळालीच नाही तरी ब्राउझर तिला सोडून पुढची चालवतो.

छोट्या लोडरांची खरी कसोटी अपयश हाताळण्यात लागते, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी. एकच फाइल दोन ठिकाणांहून मागितली जाऊ शकते, म्हणून चांगला लोडर प्रत्येक पत्त्यासाठी एक प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या निकालाची जागा धरणारा ऑब्जेक्ट) जपून ठेवतो. नुसती 'लोड झाली' अशी खूण पुरत नाही, कारण दुसरी मागणी पहिली फाइल वाटेत असतानाच येऊ शकते. पण नेटवर्क क्षणभर तुटून ते प्रॉमिस रिजेक्ट झाले, म्हणजे अपयशी ठरले, आणि तसेच साठ्यात राहिले, तर पेज रीलोड करेपर्यंत प्रत्येक मागणीला तेच अपयश परत मिळते. त्यामुळे ऑनएररमध्ये (फाइल न मिळाल्यास चालणाऱ्या कोडमध्ये) ती नोंद काढून टाकणे आवश्यक आहे, आणि पुन्हा प्रयत्न करताना टॅगही नवा हवा, कारण एकदा सुरू झालेला स्क्रिप्ट टॅग पुन्हा चालत नाही. ऑनलोडवरही (फाइल आल्याच्या इशाऱ्यावरही) पूर्ण भिस्त ठेवू नये: फाइल आली, पण चालताना तिच्यातच एरर झाली, तरी ऑनलोड येतोच. म्हणून अपेक्षित ऑब्जेक्ट खरोखर तयार झाला आहे का, हे तपासूनच पुढे जावे.

आता लोडर हवाच का, याविषयी. या तीन फाइली प्रत्येक पेजवर लागतच असतील, तर लोडर काढून एचटीएमएलमध्येच डिफर (पेज वाचून झाल्यावर क्रमाने चालवा, अशी सूचना) लावलेले तीन टॅग लिहावेत. पेज पार्स होत (वाचले जात) असताना ब्राउझरचा प्रीलोड स्कॅनर, म्हणजे पुढे लागणाऱ्या फाइली शोधणारा भाग, असे टॅग आधीच हेरून डाउनलोड सुरू करतो. लोडरने नंतर घातलेले टॅग त्याला दिसत नाहीत, त्यामुळे वेग वाढवण्यासाठी आणलेला लोडर प्रत्यक्षात उशीर करतो. २००९ च्या सुमारास लॅबजेएससारखे लोडर आले तेव्हा ब्राउझरांचा असिंक आणि डिफरला पाठिंबा एकसारखा नव्हता आणि अशा लोडरांची गरज खरी होती.

आलेख बटण दाबल्यावरच दिसणार असेल, तर मात्र लोडर जरूर ठेवावा. त्या स्थितीत त्याला वेळमर्यादाही घालावी, कारण सर्व्हर उत्तरच देत नसेल तर ऑनलोड किंवा ऑनएरर यांपैकी काहीही बराच वेळ येत नाही.